ग्रँड कॅन्यनची परतीची वाट

गेल्या अंकांत प्रवासाच्या शिदोरीविषयीं लिहितांना माझ्या लेखणींतून एक वाक्य सहज उतरून गेलें. पाणी पुष्कळ प्यालेला मनुष्यहि मिठावांचून आडवा होतो, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, असें तें वाक्य. त्यावर दोघां-तिघां वाचकांनीं खुलासा मागितला आहे. “मास्तर, हें आपण कोठें पाहिलें?” असा त्यांचा रोकडा प्रश्न. उत्तर द्यावयाचें म्हणजे एक घरगुती गोष्ट उघडी करावी लागते, आणि ती मीं आजवर आमच्या वहिनींपासून झांकून ठेविली आहे. वहिनी हें मासिक मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात. तरी पण प्रश्नाला उत्तर न देणें शिक्षकाला शोभत नाहीं, म्हणून लिहितों.

गोष्ट जून २०१९ मधली. माझा पुतण्या त्या वेळीं अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत फीनिक्स शहरीं नोकरीस होता. हा आमच्या कैलासवासी दादांचा एकुलता एक मुलगा. दादा गेले तेव्हां तो नऊ वर्षांचा होता. त्याची मुंज मीं लाविली, शब्दरूपावली मींच घोकून घेतली, आणि त्याच्या हातीं पहिला कॅमेराहि दुर्दैवानें मींच दिला. त्यानें आग्रहानें मला बोलाविलें व ग्रँड कॅन्यन दाखविण्याचा बेत केला. निघण्याच्या आदल्या रात्रीं वहिनींचा पुण्याहून फोन आला. “भावोजी, तुम्ही बरोबर आहांत म्हणून मी निर्धास्त आहें. फोटोचें वेड संचारलें कीं त्याला वेळेचें भान राहत नाहीं.” मी म्हणालों, “वहिनी, मी आहें ना!” हे माझे शब्द वाचकांनीं लक्षांत ठेवावे.

भूगोलाच्या तासाला ‘घळई’ शिकवितांना फळ्यावर दोन उभ्या रेघा काढावयाच्या, तळाशीं एक नागमोडी रेघ ओढावयाची आणि ‘उदाहरण : कोलोरॅडो नदी’ असें लिहावयाचें, हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ. लांबी २७७ मैल, रुंदी कांहीं ठिकाणीं १८ मैल, खोली सुमारें एक मैल. हे आंकडे मुलांकडून मीं इतक्या वेळां वदवून घेतले होते कीं, त्यांचा अर्थच झिजून गेला होता. फीनिक्सहून मोटारीनें सुमारें चार तास उत्तरेस गेल्यावर पाइन वृक्षांचें रान लागतें. सुमारें सात हजार फूट उंचीवरचा तो सपाट प्रदेश. झाडांतून चालतां चालतां एकाएकीं भूमि संपते. मीं दोन पावलें मागें सरून सूनबाईच्या तीन वर्षांच्या मुलीचा हात धरला. तो तिच्या रक्षणासाठीं कीं माझ्या, हें सांगवत नाहीं. फळ्यावरच्या त्या दोन रेघांची मला त्या क्षणीं लाज वाटली.

समोरच्या भिंतींत खडकांचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले दिसतात. सर्वांत वरचा पांढुरका चुनखडीचा थर सुमारें सत्तावीस कोटी वर्षांचा, आणि अगदीं तळचा काळा खडक पावणेदोनशें कोटी वर्षांच्या आसपासचा. मधल्या एका जागीं शंभर कोटींहून अधिक वर्षांचीं पानें साफ गहाळ आहेत. तेवढ्या काळांत सांचलेलें सारें झिजून वाहून गेलें. इतका जुना ग्रंथ उलगडून दाखविणारी नदी मात्र त्या मानानें कालची. ही दरी तिनें मुख्यतः गेल्या पांच-सहा दशलक्ष वर्षांत कोरली. कांठावर एक पायवाट अशी आंखली आहे कीं, तिच्यावर एक मीटर चालणें म्हणजे दहा लक्ष वर्षें मागें जाणें. आपला सारा लिखित इतिहास त्या वाटेवर बोटाच्या एका पेऱ्यांतहि मावण्यास जड नाहीं.

संस्कृतज्ञ वाचकांस एका गोष्टीचें कौतुक वाटेल. तळच्या त्या काळ्या खडकाचें भूशास्त्रांतील नांव ‘विष्णु’ असें आहे. त्याचे शेजारी ‘ब्रह्मा’ आणि ‘राम’. दरीच्या मध्यांतून वर आलेल्या शिखरांना विष्णुमंदिर, शिवमंदिर, ब्रह्ममंदिर, बुद्धमंदिर अशीं नांवें आहेत. क्लॅरन्स डटन नांवाचे एक लष्करी कप्तान भूशास्त्रज्ञ होते. त्यांचा ह्या प्रदेशावरील मोठा ग्रंथ १८८२ सालीं निघाला. त्या आकृति पाहून त्यांना पौर्वात्य देवालयें आठवलीं, आणि विष्णु व शिव ॲरिझोनांत जाऊन बसले. फलकावर ‘विष्णु’ वाचून मीं नकळत हात जोडले, तेव्हां सूनबाई हंसली. परंतु मागाहून माझ्या मनांत आलें, ह्या ठिकाणीं शतकानुशतकें राहणाऱ्या लोकांनीं ह्या शिखरांना कांहीं तरी म्हटलेंच असेल कीं! दरींत साडेचार मैल उतरल्यावर झऱ्याकांठीं एक हिरवी जागा आहे. तेथें हवासुपाई लोक शेती करीत. १९१९ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, आणि त्यांच्यापैकीं शेवटच्या रहिवाशासहि १९२८ मध्यें तेथून काढून दिलें. आम्ही गेलों तेव्हां त्या जागेस ‘इंडियन गार्डन’ म्हणत. २०२२ सालीं तिचें नांव ‘हवासुपाई गार्डन्स’ असें करण्यांत आलें. विष्णूला जागा मिळण्यास पुस्तक पुरलें. ज्यांची जागा होती त्यांचें नांव लागण्यास मात्र चौऱ्याण्णव वर्षें लागलीं.

आतां पुतण्याच्या छंदाकडे वळूं. पहिल्या दिवशीं दुपारीं बारा वाजतां मीं त्याला म्हटलें, “अरे, काढ ना फोटो! एवढा लख्ख प्रकाश आहे.” तो म्हणाला, “काका, लख्ख प्रकाश हाच येथला शत्रु.” मला तें पटेना. मग त्यानें एक फोटो काढून दाखविला. खरेंच, सारी दरी रंग विटलेल्या लुगड्यासारखी फिकट, सपाट; दूरच्या भिंतीवर निळसर धूसर पडदा. डोक्यावर सूर्य असला म्हणजे कड्यांना सावली नसते, आणि सावलीवांचून खोली दिसत नाहीं. सायंकाळीं आम्ही होपी पॉइंट ह्या जागीं दीड तास अगोदर जाऊन बसलों. सूर्य उतरूं लागला तशी एकेका शिखराची सावली मागच्या शिखरावर चढूं लागली, फिके थर आधीं पिवळे, मग तांबडे झाले, आणि विष्णु-शिव सगळे एकमेकांपासून सुटे उभे राहिले. दुपारीं जी चित्रासारखी चपटी होती तीच दरी आतां पोकळ झाली. पुतण्यानें तिपाईवर कॅमेरा लाविला होता, पण बटण फार थोड्या वेळां दाबलें. “उजेडांतल्या खडकांस जपावें तर सावल्या काळ्याकुट्ट होतात, सावलींतलें दाखवावें तर उजेड जळून जातो. दोन्ही साधेल असा क्षण थोडा असतो,” असें तो म्हणाला. वाट पाहण्याची ही विद्या माझ्या विद्यार्थ्यानें कोणाकडून घेतली, हें मला ठाऊक नाहीं; माझ्याकडून खास नव्हे.

दुसरे दिवशीं पहाटे सवासहाला आम्ही दोघे ‘ब्राइट एंजल’ ह्या वाटेनें खालीं उतरूं लागलों. सूनबाई मुलीला घेऊन वरच राहिली. सिंहगड चढणाऱ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपला डोंगर दमल्यावर उतरावयाचा असतो; येथें डोंगर उलटा आहे. ताज्या पायांनीं, गार हवेंत, गप्पा मारीत उतरावें, आणि दमलेल्या पायांनीं, चढत्या उन्हांत, चढावें. शिवाय उतरावें तसतसें उष्णमान वाढतें. कांठावर जूनमध्यें सुखद हवा असते तेव्हां तळाशीं नदीपाशीं पारा १०० अंश फॅरेनहाइटच्या वर जातो. म्हणून उद्यानाचे रक्षक सांगतात कीं, उतरण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट चढण्यास धरावा. उन्हाळ्यांत दहा ते चार ह्या वेळांत खालच्या उघड्या वाटेवर चालूं नये. आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशीं परत येण्याचा हव्यास बिलकुल करूं नये. १९९७ पासून तर वाटेच्या तोंडाशींच स्वयंसेवक उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करतात. उन्हानें कोसळणाऱ्यांत म्हाताऱ्यांपेक्षां धट्टेकट्टे तरुणच पुष्कळ असतात, असें त्यांतील एका बाईनें मला सांगितलें. म्हाताऱ्यांस भय असतें, हें त्याचें कारण असावें.

दीड मैलावर पहिलें विश्रांतिगृह आहे. कांठापासून सुमारें अकराशें फूट खालीं. तेथें माझ्या गुडघ्यांनीं स्पष्ट नकार दिला. पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही येथून सावकाश वर जा. मी तीन मैलांच्या विश्रांतिगृहापर्यंत जाऊन येतों. दहाच्या आंत वर.” त्यानें कॅमेरा, तिपाई आणि पाणी घेतलें. शिदोरीची पिशवी माझ्या खांद्यावर होती. सूनबाईनें पहाटे उठून बांधलेल्या दशम्या, लिंबाचें लोणचें आणि खारे शेंगदाणे. मीं पिशवी पुढें केली, आणि लगेच मागें घेतली. म्हटलें, “दहाला तर येणार आहेस; ओझें कशाला?” तो हंसला आणि वळणाआड गेला. हें माझें वाक्य मीं आजवर कोणास सांगितलें नव्हतें.

मी वर पोंचलों तेव्हां साडेनऊ वाजले होते. दहा झाले, अकरा झाले. वाटेच्या तोंडाशींच, कड्याच्या अगदीं कपाळावर, एक जुनें लांकडी घर आहे. तो कोल्ब बंधूंचा स्टुडिओ. त्याच्या सावलींत आम्ही बसलों. पुतण्यानें आदल्या रात्रीं ह्या बंधूंची गोष्ट मोठ्या भक्तीनें सांगितली होती; तिचा उल्लेख येथें केल्यावांचून गत्यंतर नाहीं, कारण त्या दिवशींच्या अनर्थांत त्यांचाहि हात आहे.

एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब हे भाऊ विसाव्या शतकाच्या आरंभीं येथें आले. खेंचरांवर बसून दरींत उतरणाऱ्या प्रवाशांचे ते वाटेच्या माथ्यावर फोटो घेत. प्रवासी संध्याकाळीं परत येतील तेव्हां छापील चित्र त्यांच्या हातीं पडलें पाहिजे, तरच तें विकलें जाणार. परंतु कांठावर पाणी दुर्मिळ, आणि पाण्यावांचून कांचा धुतां येत नव्हत्या. स्वच्छ पाणी साडेचार मैल खालीं, त्या झऱ्यापाशीं. म्हणून फोटो घेतला कीं एमरी कांचा घेऊन धांवत खालीं जाई, तेथल्या अंधाऱ्या खोलींत त्या धुऊन चित्रें छापी, आणि खेंचरें वर पोंचण्यापूर्वीं तीन हजार फुटांची चढण चढून दुकानीं हजर होई. दिवसाची नऊ मैलांची ही फेरी! १९११-१२ सालीं दोघां भावांनीं होड्यांतून नदीचा प्रवास करून त्याचा चलत्पट घेतला, आणि १९१५ पासून एमरी तो आपल्या स्टुडिओंत दाखवूं लागला. १९७६ सालीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं तो वारला, तोंपर्यंत हा खेळ चालला होता. १९३७ मध्यें न्यूयॉर्कच्या एका मोठ्या संग्रहालयाच्या शास्त्रज्ञांनीं शिवमंदिर ह्या शिखरावर स्वारी केली. तेथें युगानुयुगें अलग पडलेले निराळेच प्राणी मिळतील, अशी त्यांची आशा होती. निराळे प्राणी मिळाले नाहींत. मिळाली ती कोडॅक फिल्मची एक रिकामी डबी! मोहिमेंत आपणांस घेतलें नाहीं म्हणून रुसलेला एमरी अगोदरच वर जाऊन ती ठेवून आला होता. कलावंताचा राग कसा असावा, तर असा.

गोष्ट मोठी रंजक, पण त्या दुपारीं ती मला विषासारखी वाटूं लागली. पुतण्या निघतांना म्हणाला होता, “काका, कोल्ब रोज धांवत जात असे.” जात असे, खरें, पण त्याला प्रत्येक वळणाचें ऊन माहीत होतें, आणि त्याच्या साऱ्या धंद्याचें मर्म परत येण्यांत होतें. खालीं जाऊन न येणाऱ्या फोटोग्राफरचा फोटो कोण विकत घेणार?

बारा वाजले. दरींत मोबाईल चालत नाहीं. सूनबाई कांहीं बोलत नव्हती. मुलीला पाणी पाजी आणि वाटेकडे पाही. दोन वाजतां मी उठलों आणि स्वयंसेवक बाईंकडे गेलों. त्यांनीं शांतपणें चार गोष्टी विचारल्या. वय किती? अंगावर कपडे कोणते? पाणी किती नेलें? आणि खाण्यास काय नेलें? चौथ्या प्रश्नास मीं खांद्यावरची पिशवी दाखविली. बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग वळून बिनतारी यंत्रावर बोलूं लागल्या. ती अर्धी घटका मला दादांच्या शेवटच्या रात्रीइतकी लांब गेली. वहिनींना काय सांगूं, ह्या एका वाक्याखेरीज डोक्यांत दुसरें कांहीं उमटत नव्हतें.

निरोप आला तो असा. तो झऱ्यापाशीं रक्षकांच्या ठाण्याच्या सावलींत आहे. उलट्या झाल्या होत्या, पायांत गोळे आले होते, आतां बरा आहे. चार वाजल्याखेरीज त्याला सोडणार नाहींत.

घडलें होतें तें मागाहून कळलें. तीन मैलांवर पोंचला तेव्हां समोरच्या भिंतीवरून ढगाची सावली सरकत होती. ती पुढच्या वळणावरून अधिक चांगली दिसेल असें वाटलें; मग त्याच्याहि पुढच्या. असें करतां करतां तो सहा मैल उतरून प्लॅटो पॉइंट ह्या टोंकावर गेला. तेथून तेराशें फूट खालीं नदी दिसते. पण पोंचेपर्यंत साडेदहा होऊन गेले होते. ढग विरला होता, सूर्य वर आला होता. आदल्या दिवशीं ज्यानें मला शिकविलें त्यानेंच पांढऱ्याफटक उन्हांत फोटो काढले. परतीचा दीड मैल सपाट, उघडा, झाडाचें पान नाहीं. तहान लागे तसा तो पाणी पीत गेला. चार बाटल्या रिचवल्या. घामाबरोबर अंगांतलें मीठ गेलें, वरून नुसतें पाणी ओतल्यानें उरलेलेंहि पातळ झालें, आणि पोटांत सकाळपासून घांस नव्हता. रक्षकानें त्याला आणखी नुसतें पाणी दिलें नाहीं. सदरा झऱ्यांत भिजवून अंगावर घातला, आणि खारीं बिस्किटें एक एक करून चावावयास लाविलीं. ती अक्कल माझ्या पिशवींत बांधलेली होती, आणि पिशवी वर होती.

पावणेआठ वाजतां शेवटच्या वळणावर तो दिसला. सूर्य मावळत होता. सूनबाईचा मोबाईल माझ्या हातांत होता. कशाकरितां कोण जाणे, मीं त्याचें बटण दाबलें. तो वर आला. कोणी रागें भरलें नाहीं. सूनबाईनें पिशवींतून दशमी काढून तिच्यावर लोणचें घातलें आणि त्याच्या हातावर ठेविली. त्यानें ती उभ्याउभ्याच खाल्ली. मुलगी म्हणाली, “बाबा, फोटो दाखव.” त्यानें दाखविले. एकहि ठेवण्याजोगा नव्हता.

पुढें अँटिलोप नांवाच्या अरुंद घळींत जाण्याचा त्याचा बेत होता. ती नॅव्हाहो लोकांच्या भूमींत आहे, आणि त्यांच्या वाटाड्यावांचून तेथें जातां येत नाहीं. वरच्या फटींतून उतरणारे उजेडाचे झोत फोटोग्राफरांना वेड लावतात. १९९७ सालीं कित्येक मैल दूर पडलेल्या पावसाचा लोंढा तेथें एकाएकीं आला आणि अकरा माणसें गेलीं. तेव्हांपासून तेथें पुष्कळ बंदोबस्त झाला आहे. तरी सूनबाईनें “घरीं चला” एवढे दोनच शब्द उच्चारले, आणि आम्ही घरीं आलों.

त्या रात्रीं वहिनींचा फोन आला. “कसा गेला दिवस?” मी म्हणालों, “छान! जरा अधिक चालला, इतकेंच.” पुतण्यानें माझ्याकडे पाहिलें, मीं त्याच्याकडे.

शेवटच्या वळणावर मीं काढलेला तो फोटो सूनबाईनें सासूबाईंस पाठविला. वहिनींनीं तो मोठा करवून चौकटींत बसविला, आणि आज तो आमच्या माजघरांत दादांच्या तसबिरीशेजारीं लागलेला आहे. मागें तांबडी भिंत, पाठीवर तिपाई, लालबुंद चेहरा. आल्या-गेल्याला त्या सांगतात, “चेहऱ्यावर काय तेज आलें आहे पाहा! आणि भावोजींचा हात काय बसला आहे कॅमेऱ्यावर!” मी तेथें असलों म्हणजे कांहीं निमित्तानें अंगणांत जातों.

वहिनी, तें तेज नव्हे, तो उन्हाचा ताव आहे. आणि त्याची शिदोरी माझ्या खांद्यावर होती. पुढील अंक निघण्यापूर्वीं मी पुण्यास येणारच आहें. तेव्हां काय बोलावयाचें तें समक्षच बोलावें.